'क्रिसालिस' की 'ला जते'?

आठवणींशी खेळणारा एकच फ्रेंच सिनेमा बघायचा तर कुठला, असं धाकट्या भावाने विचारलं.

वेळेचं सोपं आहे: 'क्रिसालिस' (2007) दीड तासाचा, 'ला जते' (1962) 28 मिनिटांचा. पॅरिस दोन्हीकडे. पहिल्यात निळसर, थंड. पोलीस, दवाखाना, पुसलेल्या आठवणी, दणदणीत मारामाऱ्या. कथा मात्र पुढे ओळखता येते. दुसऱ्यात युद्धानं उद्ध्वस्त झालेलं शहर आणि ओर्ली विमानतळावरची लहानपणची एक आठवण. जवळजवळ सगळा स्थिरचित्रांचा. आणि मध्येच, क्षणभरच, झोपलेली नायिका डोळे उघडते, पापण्या खरोखर हलतात! माझा श्वास तिथे दरवेळी अडकतो.

थकून आला असशील तर 'क्रिसालिस'. मन शांत असेल, तर 'ला जते'च.