साठीतली बॅन्टम आणि यॉर्कशरचा चिखल : बीएसए डी७ ट्रायल्समधे वापरल्यानंतरचा अनुभव

मंडळी, गाडीचे फोटो टाकले की चार-पाच जण हमखास विचारतात की ही कुठली, केवढ्याला पडली, घेऊ का, म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकतो. गेल्या सप्टेंबरपासून मी इथे इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधे रविवारच्या क्लब ट्रायल्सना १९६१ ची बीएसए बॅन्टम डी७ ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल चालवतोय. आख्खा हिवाळा काढला तिच्यावर, पाऊस, चिखल, मेंढ्यांची लेंडी सगळं झालं. १७५ सीसीची टू-स्ट्रोक, तीन गिअर, ताकद म्हणाल तर आपल्या ॲक्टिव्हाच्या आसपास. आणि तरी सांगतो, या खेळासाठी एवढं पुरतं, किंबहुना ताकद याहून जास्त असती तर मी जास्त वेळा आडवा झालो असतो.

ट्रायल्स म्हणजे काय ते आधी, कारण पुण्यातल्या मित्रांना मोटोक्रॉसच वाटतं. इथे शर्यत नसते. ओढा, खाण, झाडांची मुळं, ओला चढ अशा जागी वीस-तीस मीटरचा टप्पा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. दोन्ही बाजूंना रंगीत खुणा, सुरुवातीला आणि शेवटी पाटी. पाय न टेकता गेलात तर शून्य, म्हणजे 'क्लीन'. एकदा टेकला तर एक, दोनदा तर दोन, तीन किंवा त्याहून कितीही वेळा तर तीनच, आणि गाडी थांबली, पडलात किंवा खुणेच्या बाहेर गेलात की पाच. ज्याचे मार्क कमी तो जिंकला. दहा सेक्शन, चार फेऱ्या असा साधारण बेत असतो. प्रत्येक सेक्शनला एक ऑब्झर्व्हर हातात कार्ड घेऊन उभा, म्हणून ऑब्झर्व्ह्ड ट्रायल. घड्याळाची फारशी भानगड नाही, संध्याकाळच्या आत उरकलं म्हणजे झालं.

आता यात जुन्या गाड्यांचा वेगळा वर्ग का, तर त्याचं कारण ट्रायल्सपटू सॅमी मिलर. हा माणूस ५०० सीसीच्या एरियल एचटी५ वर, नंबर जीओव्ही १३२, ब्रिटनमधलं जवळपास सगळं जिंकत होता, आणि १९६४ च्या शेवटी तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला. त्यांची शेर्पा टी ही गाडी त्याने घडवली आणि १९६५ ला तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज, म्हणजे स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल, जिंकली. हलकी टू-स्ट्रोक गाडी, तीही परदेशी. तिथून ब्रिटिश वजनदार सिंगल सिलिंडर गाड्यांचा या खेळातला काळ संपत गेला. म्हणूनच आजही 'प्री-६५' हा वर्ग आहे, म्हणजे मिलरच्या त्या उडीच्या आधीच्या गाड्या. काही क्लब नियम सैल ठेवतात, काही ठिकाणी ब्रेक ड्रम कुठला, फोर्क कुठला इथपर्यंत बघतात. घेण्याआधी आपल्या क्लबचे नियम वाचा, नाहीतर एवढी सजवलेली गाडी भलत्याच वर्गात जाते.

बॅन्टमच का? खरं सांगायचं तर पैसे. चांगली तयार ट्रायम्फ टायगर कब बघितली होती, किंमत ऐकून नमस्कार केला. बॅन्टम मला अडीच हजार पौंडांच्या आसपास पडली, ट्रायल्ससाठी आधीच तयार केलेली. ही गाडी मुळात इथली गरिबाची गाडी. युद्धानंतर जर्मन डीकेडब्ल्यू आरटी१२५ चं डिझाईन नुकसानभरपाईत मिळालं, बीएसएने ते आरशात बघितल्यासारखं उलटं करून गिअर उजव्या पायाला आणला आणि १९४८ ला विकायला काढली. पोस्टाची तार घेऊन येणारी पोरं लाल बॅन्टमवर यायची. आमच्या वाईकडे दूधवाल्याची राजदूत जशी, तशी ही. भरमसाट बनल्यामुळे पार्ट आजही मिळतात, आणि स्वस्त मिळतात, याचं मोल पहिल्या महिन्यातच कळतं.

आणि कोणी म्हणेल की ही काय स्पर्धेची गाडी, तर १९६७ च्या स्कॉटिशला डेव्ह रोलंड बॅन्टमवर दुसरा आला होता. पहिला अर्थातच मिलर.

आता मुद्द्याचं, वापर. इंजिन खालच्या आरपीएमला कसं चालतं यावर सगळा खेळ आहे. सेक्शनमधे आपण चालण्याच्या वेगाने जातो, पहिला गिअर, थ्रॉटल जेमतेम उघडा, आणि अशात इंजिनने ठोका चुकवायचा नाही आणि अचानक उसळायचंही नाही. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकावर, स्टीलची जाड रिंग बसवलीय, इग्निशनचं टायमिंग थोडं मागे ठेवलंय आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ५८ दातांचं केलंय. या तीन गोष्टींमुळे ही गाडी अक्षरशः रांगते. क्लच न दाबता ओल्या गवताच्या चढावर टुकटुकटुक करत चढते, थ्रॉटल देऊ तेवढंच देते. फ्लायव्हीलला वजन असलं की इंजिन पटकन बंद पडत नाही आणि मागचं चाक पटकन फिरतही नाही, म्हणजे पकड सुटत नाही. मित्राच्या गाडीत हलकं फ्लायव्हील आहे, त्याची चढाच्या मधोमध बंद पडते, मग तिथेच पाच.

दुसरी गोष्ट टायर. मागे ४.०० बाय १८ चा ट्रायल्स टायर, पुढे २.७५ बाय २१. मागच्यात हवा किती, तर चार-पाच पीएसआय! भारतातून आलेल्या माणसाला हे पंक्चरच वाटतं, मलाही पहिल्या वेळी हाताने दाबून बघताना कसंतरीच झालं. पण एवढी कमी हवा असली की टायर दगडाला लपेटून घेतो. रिमवरून टायर फिरू नये म्हणून आतून क्लॅम्प असतो, तो घट्ट आहे ना ते दर वेळी बघायचं. माझा सल्ला, पैसे कुठे घालायचे असतील तर आधी टायर आणि साध्या, कमी दाबाचं नीट दाखवणाऱ्या गेजमधे घाला. चकचकीत ॲल्युमिनियमची टाकी वगैरे नंतर.

इग्निशन मूळचं विपॅकचं असायचं, माझ्याकडे इलेक्ट्रेक्सचं इलेक्ट्रॉनिक किट लावलेलं आलं आणि त्यात मी हात घातलेला नाही. ओढ्यातून गेलं तरी स्पार्क असतो, थंडीत दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. मूळपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतात, मुरडू देत. टू-स्ट्रोक म्हणून पेट्रोलमधे ऑइल आलंच, त्या काळी जेवढं ऑइल घालायला सांगत त्यापेक्षा मी कमी घालतो, चांगलं सिंथेटिक, ३२ ला १. धूर कमी, प्लगही बरा राहतो. तरी बराच वेळ आयडलवर उभी राहिली, म्हणजे सेक्शनपुढे रांग लागली, की प्लग ओला होतोच, म्हणून खिशात एक जादा प्लग आणि पाना कायम. पेट्रोल सुपर अनलेडेड ई५, म्हणजे कमी इथेनॉलवालं, वापरा. इथे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय आणि जुन्या फायबरग्लासच्या टाकीला इथेनॉल चावतं.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

तीन गिअर. सेक्शनमधे काही फरक पडत नाही कारण तिथे गिअर बदलतच नाही, पण दोन सेक्शनच्या मधे जिथे गल्लीतून, डांबरी रस्त्यावरून जायचं असतं तिथे वैताग. मागचं स्प्रॉकेट मोठं असल्यामुळे तिसऱ्यातही गाडी ताशी चाळीस किलोमीटरला बोंबलायला लागते, मागे लॅन्ड रोव्हरवाला शेतकरी येऊन चिकटतो आणि आपण आपले कडेला सरकत राहतो. पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतरही फार, चढावर दुसरा टाकला की जीव जातो. नंतरच्या बॅन्टमना चार गिअर आले, बरेच जण तो गिअरबॉक्स शोधून बसवतात. मी अजून ठरवलेलं नाही.

किक आणि गिअरचा लिव्हर एकाच अक्षावर, दोन्ही उजवीकडे. जाड बूट घालून किक मारताना गिअरला धक्का लागतो. उजव्या पायाच्या गिअरचं मात्र मला काही वाटलं नाही, काकांच्या जुन्या बुलेटवर शिकलोय, इथली तरुण पोरं गोंधळतात आणि गिअर समजून ब्रेक दाबतात.

ब्रेक असून नसल्यासारखे. कोरड्यात ठीक, ओढ्यातून बाहेर आलं की पुढचं ड्रम काही मिनिटं फक्त शोभेला. तीव्र उतारावर इंजिनवरच भिस्त, आणि टू-स्ट्रोकचं इंजिन ब्रेकिंग ते काय असणार. क्लच हा आणखी एक ताप. दुपारपर्यंत गरम झाला की नीट सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नव्या प्लेट मागवल्या, त्या इतक्या वाकड्या निघाल्या की काचेवर ठेवल्यावर खाली पोस्टकार्ड सरकत होतं. परत पाठवल्या, पैसे मिळायला महिना गेला. शेवटी क्लबातल्या एका आजोबांनी त्यांच्या डब्यातल्या जुन्या प्लेट घासून दिल्या, त्या आजही चालतायत.

वजन. शंभरेक किलो आहे असं समजा. आजच्या मॉडर्न ट्रायल्स गाड्या सत्तरेक किलोच्या असतात. ओढ्यात आडवी झाली की उचलताना हा तीस किलोंचा फरक कंबरेला कळतो.

जानेवारीतला एक सेक्शन सांगतो म्हणजे गाडीचा स्वभाव कळेल. ओढ्यात उतरायचं, शेवाळलेल्या दगडांवरून पाण्यातच डावीकडे वळायचं आणि एका मुळावरून पुढचं चाक उचलून काठावर चढायचं. आधी पायी चालून बघितला, सगळेच बघतात, बुटाच्या टाचेने दगड हलतो का ते तपासतात. उभं राहून, गुडघे किंचित वाकवून आत शिरलो. वळणात पुढचं चाक दगडावरून घसरलं, मी थ्रॉटल तसंच धरून ठेवलं आणि गाडीने स्वतःच तोल सावरला, इंजिनचा आवाज खाली खाली जात बंद पडतंय असं वाटेपर्यंत गेला आणि परत वर आला. ही सगळी त्या जड फ्लायव्हीलची करामत. मग मुळाशी डावा पाय टेकला, काठावर उजवा, आणि शेवटच्या पाटीच्या हातभर अलीकडे पुन्हा डावा. घडीच्या खुर्चीत ब्लँकेट पांघरून बसलेल्या बाई कार्डावर खूण करत म्हणाल्या, "थ्री, लव्ह. हार्ड लक." माझ्या मागून सत्तरीचे एक गृहस्थ ३५० च्या बुलेटवर आले आणि तीच लाईन धरून, पाय न टेकता, बघता बघता निघून गेले.

हो, बुलेट. आपल्याकडे बुलेट म्हणजे पाटील, फौजदार आणि सायलेन्सरचा आवाज, पण मागे स्प्रिंगचं सस्पेन्शन असलेली बुलेट पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९४८ च्या कोलमोर कप ट्रायलमधे. तेव्हा ट्रायल्सवाल्यांचा ठाम समज होता की मागे सस्पेन्शन नसलेलीच गाडी पकड धरते, त्यामुळे आधी लोक हसले. मग १९५२ ला जॉनी ब्रिटनने बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. भारतातल्या बुलेट क्लबांना हिमालयाच्या राइडचं कौतुक असतं ते ठीकच आहे, पण त्या गाडीचं खरं शिक्षण चिखलात, चालण्याच्या वेगात झालंय हे फार थोड्यांना माहीत असतं. बुलेट बनवणाऱ्या चेन्नईवाल्यांनी यावर जरा जास्त बोलायला हवं असं माझं मत.

कागदपत्रांचं विचारत होता कोणी. चाळीस वर्षांपुढची गाडी असल्याने इथे रोड टॅक्स लागत नाही, मोठे फेरफार नसतील तर एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणीही, सक्तीची नाही. इन्शुरन्स लागतोच. रस्त्याचा भाग असलेल्या ट्रायलला नंबर प्लेटवाली गाडीच लागते, नुसत्या खाजगी जमिनीवरच्या ट्रायलला तसं नाही. एन्ट्री फी वीसेक पौंड, त्यात दिवसभर अंग मोडून घ्यायची सोय. व्हॅन किंवा ट्रेलर मात्र हवाच, आणि घरी आल्यावर धुवायला हातात जोर. चेन आणि केबल त्याच संध्याकाळी पुसून ऑइल केल्या नाहीत तर बुधवारपर्यंत गंज दिसतो, इथली हवाच तशी.

घ्यावी का? रस्त्यावर फिरायला, शोभेला, इन्स्टावर टाकायला घेत असाल तर नको, दुसरी भरपूर जुनी खोडं आहेत. ट्रायल्सच करायचं असेल आणि बजेट मर्यादित असेल तर डोळे झाकून बॅन्टम, फक्त तयार केलेली घ्या, सुटे भाग जमवून बांधायला गेलात तर दीडपट खर्च होतो हे क्लबातले सगळेच सांगतात. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर फूटरेस्ट खाली आणि मागे घेतलेत का आणि हँडल पुरेसं उंच आहे का ते उभं राहून बघा, नाहीतर दुपारनंतर पाठ धरते.

आणि गाडी घ्यायच्या आधी एखाद्या रविवारी ऑब्झर्व्हर म्हणून जा. क्लबांना माणसं कायम कमी पडतात, कार्ड आणि पेन्सिल हातात देतात, बहुतेक ठिकाणी दुपारचं सँडविचही मिळतं. चार फेऱ्या एका जागी उभं राहून कोण कुठून जातो ते बघितलं की कुठली गाडी घ्यायची ते मला विचारावं लागणार नाही. फक्त वॉटरप्रूफ बूट घालून जा.