दिवाळीच्या सुट्टीत एनपीटेलचा पायथन अभ्यासक्रम: एक परीक्षण

महाविद्यालयात शिकवणाऱ्यांच्या दिवाळीच्या सुट्टीवर अलीकडे बरेच जण हक्क सांगतात. पहिले सत्र संपते, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासून होतात न होतात, तोच उरलेल्या दिवसांत एखादा अभ्यासक्रम, एखादी कार्यशाळा उरकून घ्यावी असा आग्रह सुरू होतो. त्या आग्रहात तथ्य नाही असे नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि आमच्या प्रात्यक्षिकांत पायथन ही संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा आल्यापासून ती नीट, मुळापासून शिकणे मला आवश्यक झाले होते. सत्र चालू असताना त्यासाठी सलग वेळ मिळत नाही, आणि सुट्टी संपूर्ण त्यातच घातली तर जानेवारीत वर्गात उभा राहणारा शिक्षक दमलेलाच असतो. म्हणून ‘प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स यूझिंग पायथन’ या एनपीटेलवरील अभ्यासक्रमाकडे मी एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले: सुट्टीचे सुट्टीपण राखून तो शिकता येतो का?

एनपीटेल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून सुरू केला. आता त्याचे अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावरूनही चालतात. नावनोंदणी विनामूल्य असून शुल्क द्यावे लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. प्रस्तुत अभ्यासक्रम चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांनी शिकवला आहे. तो आठ आठवड्यांचा आहे, म्हणजे एनपीटेलच्या हिशेबाने सुमारे २० तासांची व्याख्याने.

अभ्यासक्रमाची खरी ताकद त्याच्या पहिल्याच आठवड्यात दिसते. बहुतेक पायथनवर्ग पडद्यावर एखादे वाक्य छापून दाखवण्यापासून सुरू होतात. मुकुंद सुरुवात करतात ती दोन संख्यांच्या मसाविपासून, जो आपण सर्वांनी शाळेत काढलेला असतो. आधी दोन्ही संख्यांचे सगळे विभाजक लिहून त्यांतला सर्वांत मोठा सामाईक विभाजक निवडायचा, ही सरळ पण लांबची रीत. मग ते विचारतात की सगळ्या याद्या ठेवण्याची गरज आहे का. लहान संख्येपासून उलट खाली येत गेल्यास पहिला सापडलेला सामाईक विभाजकच मसावि नाही का? आणि शेवटी युक्लिडची रीत येते: दोन संख्यांना जो भागतो तो त्यांच्या वजाबाकीलाही भागतो, म्हणून मोठ्या संख्येच्या जागी वजाबाकी, आणि पुढे तिच्याही ऐवजी बाकी घेत गेले की संख्या झपाट्याने लहान होतात. एकाच प्रश्नाची उत्तरे अशी टप्प्याटप्प्याने सुधारत जाताना भाषेचे नियम आपोआप अंगवळणी पडतात, आणि प्रोग्रॅम बरोबर असणे व तो कार्यक्षम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिल्या तासाभरातच मनावर ठसते. अध्यापनाची इतकी विचारपूर्वक केलेली मांडणी क्वचितच पाहायला मिळते. केवळ हा आठवडा पाहण्यासाठीसुद्धा, पायथनशी संबंध नसलेल्या गणिताच्या शिक्षकांनी हा अभ्यासक्रम उघडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पुढे दुसऱ्या आठवड्यात मूलभूत प्रकार, याद्या आणि फंक्शन्स, तिसऱ्यात द्विभाजन शोध (दर वेळी यादी निम्मी करत शोधणे) व क्रमवारीच्या सोप्या रीती, चौथ्यात मर्ज सॉर्ट व क्विकसॉर्ट या क्रमवारीच्या वेगवान रीती आणि डिक्शनरी (नावानुसार माहिती साठवण्याची रचना) असा क्रम आहे. पाचव्यात फाइली आणि त्रुटींची हाताळणी येते. सहाव्यात बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांना न मारणारे वजीर मांडण्याचा प्रश्न आहे, सातव्यात क्लास आणि ऑब्जेक्ट (माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र बांधण्याची रीत), आठव्यात डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (लहान उपप्रश्नांची उत्तरे साठवून मोठा प्रश्न सोडवणे).

आता सुट्टीच्या गणिताकडे येतो, कारण तिथे जाहिरातीतील आकडा फसवा ठरू शकतो. २० तास ऐकायला थोडे वाटतात, परंतु प्रोग्रॅमिंग नुसते पाहून येत नाही. एक तासाच्या व्याख्यानामागे निदान दीड तास स्वतः टंकून, चुकवून, दुरुस्त करून पाहण्यात जातो. म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमाला ५० तास धरावे लागतात, आणि वसुबारस ते भाऊबीज हे दिवस बाजूला ठेवून उरलेल्या सुट्टीत एवढे तास बसवायचे म्हटले तर रोज नोकरीसारखे बसावे लागेल. माझ्या मते दिवाळीच्या सुट्टीत पहिले चार आठवडे, म्हणजे सराव धरून सुमारे २५ तास, हीच योग्य मर्यादा आहे. सकाळी घर जागे होण्याआधी एखादे व्याख्यान पाहावे, त्यातला प्रोग्रॅम स्वतः लिहावा आणि नंतर दिवसभर संगणक उघडू नये. सणाच्या दिवसांत तर व्याख्यानही नको. किल्ला बांधणाऱ्या मुलांजवळ बसायचे, फराळाचे डबे घेऊन आप्तांकडे जायचे आणि दुपारी दिवाळी अंक घेऊन लवंडायचे, हे दिवस त्यासाठीच असतात आणि ते तसेच राहिले पाहिजेत.

ही मर्यादा पाळता येते याचे श्रेय एनपीटेलच्या रचनेला आहे. प्रमाणपत्रासाठीची सत्रे जानेवारी आणि जुलैच्या सुमारास सुरू होतात. सत्र चालू असताना दर आठवड्याला ठरलेल्या मुदतीत स्वाध्याय द्यावा लागतो. परंतु सत्र नसतानाही व्याख्याने एनपीटेलच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर विनामूल्य खुली असतात, आणि तिथे कोणतीही मुदत नसते. दरमहा पैसे घेणाऱ्या मंचांवर महिना संपण्याआधी उरकण्याची घाई आपसूक होते. हजेरी घेणाऱ्या ऑनलाइन उजळणी वर्गांत दिवसचे दिवस पडद्यासमोर बसावे लागते. पदोन्नतीसाठी असे वर्ग करावे लागतात हे मान्य आहे, पण ते दिवाळीत घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. खुल्या व्याख्यानांना आपण थांबवू शकतो, आणि पाहुणे आले म्हणून थांबलो तरी काहीही बिघडत नाही. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी व्हिडिओ आधीच उतरवून न्यावेत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर रेंजच्या भरवशावर राहू नये.

उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. सत्राबाहेर शंका विचारायला कोणी नसते, त्यामुळे रिकर्शनसारख्या (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या) भागात अडलेला एकटा विद्यार्थी खोळंबू शकतो. शक्य असल्यास विभागातील एखाद्या सहकाऱ्याने बरोबरीने शिकावे. व्हिडिओ काही वर्षांपूर्वीचे असल्याने पायथन संगणकावर बसवण्याच्या भागातील पडद्यावरची दृश्ये आज दिसतात तशी नाहीत. तेवढा भाग सोडून अधिकृत संकेतस्थळावरून चालू आवृत्ती घ्यावी, बाकीचे सर्व आजही लागू पडते. व्याख्याने इंग्रजीत आहेत, मात्र भाषा सोपी आणि उच्चार स्वच्छ आहेत. संख्याशास्त्रज्ञांना हवे असलेले पँडाजसारखे माहितीच्या विश्लेषणाचे साधन येथे शिकवले जात नाही, ते वेगळे शिकावे लागते. हा पाया पक्का झाला की ते अवघड जात नाही.

प्रमाणपत्र हवे असेल तर दिवाळीनंतर, हा अभ्यासक्रम जानेवारीच्या सत्रात जाहीर झाला आहे का ते पाहून, त्यात नाव नोंदवावे. चार आठवडे आधीच झालेले असल्याने सत्रातील पहिले स्वाध्याय हलके जातात आणि सारी शक्ती सहाव्या ते आठव्या आठवड्यासाठी राहते, जिथे ती खरोखर लागते. एनपीटेलच्या नेहमीच्या पद्धतीत अंतिम गुणांत स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात, म्हणून नुसते स्वाध्याय भरून भागत नाही. ज्यांच्या सुट्टीचा मोठा भाग उत्तरपत्रिकांनीच व्यापला आहे त्यांनी मात्र या दिवाळीत काहीच सुरू करू नये. मे महिन्याच्या सुट्टीतही ही व्याख्याने विनामूल्यच पाहता येतील, आणि तेव्हा पहिल्या आठवड्यातला मसावि ताज्या मनाने पाहता येईल.