रिबनच्या हारांचे घरबसल्या काम आणि अनामत रकमेची फसवणूक

लग्नात, सत्कारात आणि डोहाळजेवणात फुलांऐवजी सॅटिन रिबनचे हार घालण्याची पद्धत आमच्या लातूर जिल्ह्यात आता चांगलीच रुळली आहे. असे हार घरी करून द्या, सामान आम्ही पुरवू आणि तयार माल आम्हीच विकत घेऊ, असे सांगून एका व्यापाऱ्याने आमच्या बचत गटातील अकरा जणींकडून पैसे उकळले. तोच मजकूर, फक्त फोन क्रमांक बदलून, आता धाराशिव आणि नांदेडकडच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरत असल्यामुळे हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

अट अशी होती की प्रत्येकीने 2,500 रुपये अनामत भरायची, त्या बदल्यात 40 हारांचे सामान कुरिअरने येईल, हारामागे 60 रुपये मजुरी मिळेल आणि पहिला माल पोहोचताच अनामत परत होईल. हे हार परदेशात जातात, असेही त्याने सांगितले. हवाई बेटांवर पदवीदानाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या गळ्यात ‘लेई’ नावाचे हार घालतात आणि त्यांत रिबनचे हारही असतात, ही गोष्ट खरी आहे; परंतु तिचाच आधार घेऊन त्याने परदेशी मागणीची सगळी कहाणी रचली होती. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले होते, आणि शेतातली कामे संपल्यावर घरात बसून करता येईल असा उद्योग आमच्या भागातील बायकांना सहसा मिळत नाही. फसवणारे नेमका हाच काळ निवडतात, असे माझे मत आहे.

सामानासोबत एक नमुना हार आला. एक इंच रुंदीच्या रिबनच्या मधोमध धावदोरा घालायचा, दोरा ओढून दाट चुण्या पाडायच्या आणि त्या चुण्यांना पीळ देत हार गोल भरायचा, असे ते काम होते. सॅटिनची रिबन बहुतेक वेळा पॉलिएस्टरची असते, त्यामुळे कापलेले टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरले की ते किंचित वितळते आणि धागे सुटत नाहीत. मात्र पांढरी किंवा मोतिया रिबन ज्योतीच्या थोडी जास्त जवळ गेली तरी काळवंडते. बायकांनी हे सारे फार काळजीने केले. तरीही पाठवलेला सगळा माल ‘चुण्या विरळ, चमक नमुन्याप्रमाणे नाही’ असा शेरा मारून नाकारण्यात आला, आणि गुणवत्ता प्रशिक्षणासाठी प्रत्येकीने आणखी 1,000 रुपये भरावेत असा निरोप आला.

माझ्या जाऊबाई अनेक वर्षे ब्लाउज शिवतात आणि त्यांच्या टाक्यात खोट काढणे कठीण आहे. त्यांनी तो नमुना हार उसवून रिबन मोजली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. नमुन्यात बारा मीटरहून अधिक रिबन होती आणि आम्हाला हारामागे आठच मीटर दिलेली होती. नमुन्याची रिबन दोन्ही बाजूंनी चमकणारी होती, तर आमची एका बाजूने चमकदार आणि दुसऱ्या बाजूने फिकट होती. चुण्या पाडून पीळ दिल्यावर रिबनच्या दोन्ही बाजू दिसतात, त्यामुळे कोणीही आणि कितीही कौशल्याने हार केला असता तरी तो नमुन्यासारखा होणे शक्यच नव्हते. माल नाकारण्याची सोय सामान पाठवतानाच करून ठेवलेली होती. तेवढे सामान लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत अनामतीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते, हेही चौकशीअंती कळले. म्हणजे त्याची खरी कमाई अनामतीतच होती आणि हारांशी त्याला काहीही देणेघेणे नव्हते.

आम्ही पैसे परत मागताच ‘करारभंग केला, 15,000 रुपये दंड भरा, अन्यथा न्यायालयात खेचू’ अशी वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. आमच्यापैकी दोघींनी घाबरून काही रक्कम भरली, याचे मला सर्वांत जास्त दुःख आहे, कारण ती भीती पूर्णपणे निराधार होती. भारतीय करार कायदा, 1872 नुसार फसवणूक करून मिळवलेल्या संमतीवर झालेला करार ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द करता येतो, आणि दंड मागणारी व्हॉट्सॲपवरची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे.

त्याच्या बिलावर पत्ता छत्रपती संभाजीनगरचा होता, पण जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होत होता. या 15 अंकाक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27 आणि गुजरातचे 24. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर भलत्याच व्यवसायाचे नाव निघाले. ही तपासणी कोणालाही मोबाइलवर विनामूल्य करता येते, आणि पैसे भरण्यापूर्वी ती करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याहूनही सोपी कसोटी म्हणजे पैसा कोणत्या दिशेने जातो ते पाहणे. गंजगोलाईतील जे दुकानदार हार, तोरणे किंवा फेटे करून घेतात, ते ओळखीवर थोडे सामान देतात, माल पाहतात आणि मजुरी देतात. काम करणाऱ्या बाईकडून ते आगाऊ पैसे घेत नाहीत.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण तक्रार लवकर पोहोचली तर समोरच्या खात्यातील रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि व्यापारी दुसऱ्या जिल्ह्याचा असला तरी आपल्याच पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आहे. आम्ही अकरा जणींनी एकत्र अर्ज दिला असून त्यासोबत व्यवहारांचे क्रमांक, कुरिअरच्या पावत्या, संदेशांच्या छायाप्रती, उसवलेला नमुना आणि आम्हाला आलेल्या रिबनचा एक न उघडलेला रोल जोडला आहे. कोणाकडे त्या व्यापाऱ्याचे सामान अजून पडून असेल, तर त्यांनी ते वापरून टाकू नये आणि नमुना हार परत मागितला तरी देऊ नये. त्या दोन्हींतील रिबन शेजारी ठेवून मोजली, तर ठरवून केलेली फसवणूक पोलिसांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.