बॉयलर ‘मेला’ म्हणणाऱ्याला आधी कार्ड मागा

इंग्लंडमध्ये नव्या वसाहतीत घर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. मिल्टन कीन्स, रेडिंग, स्लाउ या भागांत अशी मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि बहुतेकांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात एक पांढरा कॉम्बी बॉयलर टांगलेला असतो. तो बंद पडला की नळाचं गरम पाणी आणि रेडिएटर दोन्ही एकदमच जातात. जानेवारीच्या थंडीत असं झालं की माणूस घाबरतो, आणि त्या भीतीवर पोट भरणारे लोक इथे आहेत. आमच्याकडून त्यांनी १,२९५ पौंड काढले.

आमचं घर चार वर्षांचं, थेट बिल्डरकडून घेतलेलं. चांगला बॉयलर दहा-पंधरा वर्षं आरामात चालतो आणि आमच्याकडे दरवर्षी सर्व्हिसिंग झालेलं होतं, त्यामुळे चौथ्याच हिवाळ्यात तो बंद पडेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पारा शून्याच्या बराच खाली गेलेल्या त्या आठवड्यात एका सकाळी बॉयलरमधून गुळण्या केल्यासारखा आवाज आला, पडद्यावर एरर कोड झळकला आणि सगळं थंड झालं. घरात साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, तापाने फणफणलेली मुलगी, आणि नवरा कामानिमित्त एडिनबराला. मी फोनवर तातडीची बॉयलर दुरुस्ती शोधली आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. दोन तासांत माणूस दारात.

माणूस बोलायला अगदी गोड. गॅसच्या कामाची नोंदणी असल्याचं गॅस सेफ कार्ड मागितलं तर म्हणाला, “दुसऱ्या व्हॅनमध्ये राहिलं, बिलावर माझा नंबर असतोच.” त्याने कव्हर काढलं, आत टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावून एक काळा डाग दाखवला. “हीट एक्स्चेंजरला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागाला, तडा गेलाय. यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर येतो. घरात लहान मूल आहे ना?” हे शेवटचं वाक्य तो सोफ्यावर झोपलेल्या मुलीकडे बघत बोलला.

सासरे मराठीत मला म्हणाले, “सूनबाई, भिंतीवरचा तो अलार्म तर वाजला नाही.” मी तेच त्याला विचारलं. “हे स्वस्तातले अलार्म कधी वाजतच नाहीत,” असं म्हणून त्याने बॉयलरवर ‘धोका, वापरू नका’ असं लिहिलेलं लाल लेबल चिकटवलं. नवा बॉयलर ३,४०० पौंडांना, पण आजच डिपॉझिट भरलं तरच. उद्या भाव वाढेल आणि थंडीमुळे माल संपेल. कार्डाचं मशीन बिघडलंय, बँकेतून ट्रान्सफर करा. १,२०० डिपॉझिट आणि ९५ त्याच्या येण्याचे. परवा सकाळी आठला बॉयलर बसवायला येतो म्हणून तो गेला. तो अर्थातच आला नाही, आणि त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

खरा प्रकार त्याच संध्याकाळी समजला. आमच्या रांगेतल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेकाचे मेसेज यायला लागले: आमचाही बॉयलर बंद, आमच्याकडेही तोच आवाज, तोच कोड. एकाच रांगेतल्या इतक्या बॉयलरना एकाच दिवशी तडा जाणं शक्य तरी आहे का? शेजारच्या आजोबांनी बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला होता. तिथल्या बाईने कोड ऐकताच सांगितलं की बाहेरची कंडेन्सेटची नळी गोठली आहे.

हे नीट समजून घ्या, कारण दर थंडीच्या लाटेत हेच होतं. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर जवळपास नेहमी कंडेन्सिंग प्रकारचाच बसवावा लागतो. धुरातली उष्णता काढून घेताना त्यात वाफेचं पाणी होतं आणि ते किंचित आम्लधर्मी पाणी एका प्लास्टिकच्या नळीतून ठिबकत बाहेर जातं. ही नळी भिंतीबाहेरून गेली असेल, बारीक असेल आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण नसेल, तर पाणी आत गोठतं, मागे तुंबतं, आणि बॉयलर स्वतःच्या सुरक्षेसाठी बंद होतो. त्यात काहीही बिघडलेलं नसतं. हाताला पोहोचेल अशा उंचीवर नळी असेल तर तिच्यावर, विशेषतः कोपऱ्यांवर आणि टोकाला, झारीने कोमट-गरम पाणी घालायचं (उकळतं नाही, त्याने प्लास्टिक तडकतं) आणि बॉयलर रीसेट करायचा. आजोबांचा बॉयलर असाच सुरू झाला. पुढच्या तासाभरात रांगेतल्या सगळ्यांचे सुरू झाले.

फक्त आमचा झाला नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनियर आला. आल्या आल्या, न मागता, त्याने गळ्यातलं गॅस सेफ कार्ड पुढून आणि मागून दाखवलं. मागच्या बाजूला त्या माणसाला कोणकोणत्या उपकरणांवर काम करता येतं ते छापलेलं असतं, हे मला त्याने सांगितलं. कव्हर उघडून त्याने तो काळा डाग बोटाने पुसला. डाग निघून गेला. तडा नव्हताच. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडची वायर मात्र उपसून मागे खोचून ठेवली होती, म्हणजे आम्ही काहीही केलं तरी बॉयलर पेटू नये. वायर लावली, बॉयलर पेटला, धुराच्या नळीत त्याने मीटर घालून वायूंचं प्रमाण मोजलं आणि आकडे मला दाखवले. सगळं ठीक. ते लाल लेबल त्याने खरवडून काढलं तेव्हा सासूबाईंनी त्याला बळेबळे चहा पाजला.

त्या लेबलाबद्दल त्याने सांगितलेली गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. खरा इंजिनियर एखादं उपकरण धोकादायक ठरवतो तेव्हा नुसतं लेबल लावून जात नाही. तो एक लेखी सूचनापत्र भरतो: दोष नेमका काय, धोका लगेचचा आहे की संभाव्य, त्याचं नाव, नोंदणी क्रमांक. तुमची सही घेतो आणि प्रत देतो. कागद नसेल तर त्या लेबलाला काही किंमत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडची किंवा गॅसगळतीची खरोखर शंका आली तर खिडक्या उघडून, बॉयलर बंद करून घराबाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅस इमर्जन्सी नंबरला फोन करा. ते लोक फुकट येतात, चोवीस तास येतात आणि धोका असेल तर पुरवठा बंद करतात. बॉयलर ते दुरुस्त करत नाहीत, पण तुम्हाला काही विकायलाही येत नाहीत. मुलाच्या नावाने कुणी भीती घालायला लागला तर त्याला बाजूला ठेवून आधी हा फोन करा.

बिलावरचा नोंदणी क्रमांक मी गॅस सेफ रजिस्टरच्या वेबसाइटवर टाकून बघितला. हे कुणालाही करता येतं, मिनिटभराचं काम आहे. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच शहरातल्या वेगळ्याच कंपनीचा. २००९ पासून ब्रिटनमध्ये या रजिस्टरवर नाव नसलेल्या माणसाने गॅसच्या उपकरणाला पैसे घेऊन हात लावणं हा गुन्हा आहे, आणि रजिस्टरवाले अशा तक्रारी घेतात. आमचीही घेतली.

पैशांचं सांगते. नवऱ्याने बँकेला १५९ वर फोन लावला. इथल्या बहुतेक बँकांच्या फसवणूक विभागाला जोडणारा हा नंबर आहे. बँकेचं पहिलं उत्तर होतं की हा तुमच्यातला आणि व्यापाऱ्यातला वाद आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे की फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांनी परत द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत, आणि तो भार देणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा. पण खऱ्या व्यापाऱ्याने वाईट काम केलं तर तो नियम लागू होत नाही. म्हणून सगळी लढाई एका मुद्द्यावर होती: हा वाईट कारागीर नव्हता, हा तोतया होता. चोरलेला क्रमांक असलेलं बिल, रजिस्टरकडे केलेल्या तक्रारीची पोच, कंपनीच्या इंजिनियरचा लेखी अहवाल आणि पोलिसांकडे केलेल्या नोंदीचा नंबर असं सगळं एकत्र पाठवल्यावर बँकेने मान्य केलं. नियमात बँकेला १०० पौंडांपर्यंत कापता येतात, तेवढे कापून १,१९५ परत मिळाले. पेमेंटपासून तेरा महिन्यांच्या आत दावा करायचा असतो.

तुमच्याकडे आलेला माणूस खरा व्यापारी असेल आणि त्याने घाई करून नवा बॉयलर गळ्यात मारला असेल, तर वाट वेगळी. घरी येऊन केलेला सौदा चौदा दिवसांत रद्द करता येतो. तातडीच्या दुरुस्तीसाठी तुम्हीच बोलावलं असेल तर त्या दुरुस्तीला ही सवलत नाही. पण दुरुस्तीला येऊन त्याने वर नवा बॉयलर विकला असेल तर त्या विक्रीला आहे. रद्द करण्याच्या हक्काची माहिती त्याने दिलीच नसेल तर मुदत आणखी वाढते. म्हणून पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या: १०० ते ३०,००० पौंडांच्या मधल्या खरेदीत कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. मशीन बिघडलंय म्हणणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

आता बिल्डर. नव्या घरावर दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणजे बॉयलरही त्यात आला, असा समज आपल्या लोकांत सरसकट दिसतो, आणि सेल्स ऑफिसमध्ये तो कुणी दुरुस्तही करत नाही. पहिली दोन वर्षं बिल्डर घरातल्या बहुतेक दोषांना बांधील असतो, बॉयलर धरून. तिसऱ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत जे उरतं ते मुख्यतः पाया, भिंती, छप्पर अशा गोष्टींचं विमासंरक्षण. बॉयलरची खरी गॅरंटी उत्पादक कंपनीची, आणि तीही बिल्डरने घाऊक घेतलेल्या बॉयलरवर पुष्कळदा तुटपुंजी असते. आमची दोन वर्षांचीच निघाली. त्यातही ती बऱ्याचदा बॉयलर बसवल्याच्या तारखेपासून मोजतात, किल्ल्या मिळाल्यापासून नव्हे. किल्ल्या हातात आल्या त्याच आठवड्यात सीरियल नंबर घेऊन कंपनीला फोन करा आणि विचारा: नोंदणी झाली आहे का, कोणत्या तारखेपासून, किती वर्षं. दरवर्षीच्या सर्व्हिसची नोंद नसेल तर गॅरंटी नाकारतात, तेव्हा ते कागद जपा.

बॉयलरच्या पुस्तिकेच्या मागे ‘बेंचमार्क’ नावाचा तक्ता असतो. बसवणाऱ्याने यंत्रणा धुतली का, गंजरोधक रसायन घातलं का, गॅसचा दाब किती, हे त्यात भरून सही करायची असते. आमचा तक्ता कोरा होता. नव्या घराचा बॉयलर लवकर मरतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं: बांधकामाचा कचरा आणि रेडिएटरमधला काळा गंज पाण्यातून फिरत राहतो आणि हीट एक्स्चेंजरच्या बारीक वाटा बुजवतो. मग उत्पादक म्हणतो, हा आमच्या मालाचा दोष नाही, बसवणाऱ्याचा आहे. बिल्डर म्हणतो, दोन वर्षं संपली. अशा वेळी रेडिएटरमधून काढलेल्या काळ्या पाण्याची बाटली, कोरा तक्ता आणि इंजिनियरचा लेखी अहवाल हेच तुमचं बळ.

दोन वर्षांच्या आत असाल आणि बिल्डर न्यू होम्स क्वालिटी बोर्डाकडे नोंदलेला असेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या न्यू होम्स ओम्बड्समन या तक्रार निवारकाकडे फुकट तक्रार करता येते. दोन वर्षं उलटली तरी सगळं संपत नाही. घर बिल्डरकडून तुम्हीच पहिल्यांदा घेतलं असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये करारभंगाचा दावा साधारण सहा वर्षांपर्यंत करता येतो, आणि १०,००० पौंडांपर्यंतची रक्कम स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टप्रक्रियेत, वकिलाशिवाय मागता येते. मात्र आपोआप झीज झाली असं नव्हे, बसवतानाच चूक होती, हे दाखवावं लागतं.

आमच्या रांगेने तेच दाखवलं. बाहेरची नळी किमान ३२ मिलिमीटरची आणि आवरण घातलेली हवी असं कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. आमच्या सगळ्यांच्या उत्तरेकडच्या भिंतीवर उघडी, बारीक नळी होती. आजोबांनी प्रत्येक घराच्या नळीला मोजपट्टी लावून फोटो काढले, मी पत्र लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. बिल्डरने आधी ‘वॉरंटी संपली’ असं एका ओळीचं उत्तर पाठवलं. पुस्तिकेतलं ते पान जोडून आणि कोर्टात जाण्याची तारीख लिहून दुसरं पत्र गेल्यावर त्याची माणसं आली आणि आमच्या रांगेतल्या नळ्या बदलून, काळा फोम चढवून गेली. आपली चूक झाली असं त्यांनी लेखी कुठेही मान्य केलं नाही, आणि कंपनीच्या इंजिनियरची फी अजून मागतोच आहोत.

वसाहतीतल्या बाकीच्या रस्त्यांवर नळ्या अजून तशाच आहेत, कारण तिथल्या कुणी पत्र लिहिलेलं नाही. तुमचं घर अशा वसाहतीत असेल तर बॉयलरच्या मागच्या भिंतीला बाहेरून एक चक्कर मारा. बोटाएवढी जाड, उघडी पांढरी नळी दिसली तर तिचा फोटो काढून बिल्डरला आत्ताच पाठवा, दोन वर्षं व्हायची असतील तर आजच. आणि कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. आमच्याकडे तो सासऱ्यांनी ठळक मराठी अक्षरांत लिहून लावला आहे.