४० वॉटचा ॲम्प काढून मोठा घ्यावा का? पावसाळाभर जुना आणि एक छोटा वापरल्यावर

मे महिन्यात आमच्या जुन्या ४० वॉटच्या ॲम्पचं (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरचं) डावं चॅनेल गेलं. आधी आवाज मध्येच जायचा, नॉब फिरवून मोठा केला की परत यायचा. मग यायचाच बंद झाला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने ॲम्प ठेवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, आउटपुट बोर्ड बदलावं लागेल, ९,४०० रुपये होतील. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." नवीन म्हणजे ८० वॉटचं मॉडेल, ४६,००० रुपयांना. नक्की काय जळालंय, ट्रान्झिस्टर की अजून काही, असं विचारलं तर बोर्ड गेलंय याच्यापुढे उत्तर नाही. तपासणीचे जीएसटीसकट ५९० रुपये मात्र घेतले. बिघाड न सांगता तपासणीचे पैसे घ्यायचे हे मला अजिबात पटलेलं नाही.

ॲम्प तसाच घरी आणला. घर गप्प ठेवणं शक्य नव्हतं, कारण सासूबाईंची पहाट गाण्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून तात्पुरता एक छोटा क्लास डी (आउटपुट भराभर चालू-बंद करून चालणारा, कमी तापणारा) ॲम्प मागवला. टीपीए३२५५ नावाच्या ॲम्प्लिफायर चिपचा (आयसीचा), सोबत ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडाप्टर, सगळं मिळून साडेआठ हजारांच्या आत. स्पीकर तेच, ८ ओहमचे छोटे बुकशेल्फ, ८६ डेसिबलचे (म्हणजे एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज देणारे). खोली बारा बाय चौदा, खाली फरशी, वर स्लॅब.

पहिले काही आठवडे मी खूश होते. डब्याएवढं यंत्र, हात लावला तर कोमट. जुना ॲम्प पारंपरिक पद्धतीचा, क्लास एबी, तो नुसता चालू ठेवला तरी ३५ वॉटच्या आसपास खातो. रोज पाच तास धरले तर महिन्याला सव्वापाच युनिट गाणं न लावताच जातात. आवाजही स्वच्छ, खालचे सूर घट्ट. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जुना भंगारात द्या.

खोक्यावरच्या आकड्याबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून राग आहे. ३०० वॉट अधिक ३०० वॉट असं छापलंय. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, ३२ गुणिले ५ म्हणजे १६०. ॲडाप्टरच १६० वॉट देतो, तर ६०० येणार कुठून? आयसीचा मूळ आकडा ५० व्होल्टच्या पुढच्या सप्लायवर, ४ ओहमला आणि १० टक्के डिस्टॉर्शनला (आवाज बिघडेपर्यंत ताणून) धरलेला असतो. ३२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला एका चॅनेलमागे पन्नासेक वॉट मिळतात. ४० वरून ५० म्हणजे एक डेसिबल, कानाला जेमतेम कळेल न कळेल एवढा फरक. पूर्वी टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे फुगवलेले) हजारो वॉट छापत, त्यातलाच हा प्रकार.

आता खरी तक्रार, आणि ती आवाजाच्या नॉबची आहे. कुठल्याच परीक्षणात मला ती सापडली नाही, पण माझ्या घरात ॲम्प ठेवायचा की नाही हे तीच ठरवते.

पहाटे पाच-साडेपाचला मुलं झोपलेली असतात, तेव्हा आवाज अगदी बारीक लागतो. सासूबाई अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं लावतात. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यामुळे हे सगळं मोनो. मोनो आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा, त्यात पळवाट नाही. या छोट्या ॲम्पवर नॉब जरासा उघडला की गळा मधे न येता उजवीकडच्या खिडकीशी जाऊन बसायचा. आणखी थोडा फिरवला की मधे यायचा, पण तोवर आवाज मुलांना उठवण्याइतका मोठा व्हायचा. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, बुवा आज कडेला का बसलेत?" त्यांना चॅनेल, पोटेन्शियोमीटर (नॉबमागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग, थोडक्यात पॉट) यातलं काही माहीत नाही, पण मिरजेत वाढलेला कान आहे. उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं ऐकलेलं, सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलेली. भोपळ्याच्या नादाचं केंद्र कुठे असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको.

कारण साधं आहे. नॉबच्या मागे एकाच दांड्यावर दोन कार्बनचे ट्रॅक असतात, डाव्याचा एक आणि उजव्याचा एक. सुरुवातीच्या थोड्या भागात ते दोन ट्रॅक एकमेकांशी नीट जुळत नाहीत, स्वस्त पॉटमध्ये तर जास्तच. ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) मोठा आणि डॅकमधून (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवून ॲम्पला देणाऱ्या यंत्रातून) पूर्ण २ व्होल्ट येत असतील तर आपण कायम त्याच न जुळणाऱ्या भागात ऐकत राहतो. मोठ्या ॲम्पला गेन बहुतेक वेळा जास्तच असतो, म्हणजे नॉब आणखी खाली. ४६,००० रुपये घालून माझी पहाटेची अडचण वाढण्याचीच शक्यता होती, आणि हे शोरूममध्ये कळत नाही, कारण तिथे कुणी पहाटेच्या आवाजात ऐकवत नाही.

इतपत लिहून मी हा छोटा क्लास डी ॲम्प घेऊ नका म्हणणार होते. पण गणपतीत भाचा आला होता, त्याने सुचवलं की डॅकचाच आवाज कमी करून बघ. २४ बिटचा डॅक असल्यामुळे १८ डेसिबल खाली आणले तरी कानाला काही हरवत नाही. नॉब आता मध्यापर्यंत उघडतो आणि गळा मधे येतो. तेव्हा मत बदललं. ज्यांच्या सोर्सला (गाणं जिथून येतं त्या यंत्राला) स्वतःचा व्हॉल्यूम आहे त्यांनी खुशाल घ्यावा. नुसता सीडी प्लेअर थेट जोडणार असाल तर मधे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा छोटा जोड) टाका, नाहीतर घेऊ नका.

दरम्यान जुना ॲम्प सांगलीतल्या गणपती पेठेच्या मागे बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेला. झाकण काढलं, डावीकडच्या रिलेवर (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचवर) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक केलं, आणि डावं चॅनेल बोलायला लागलं. "वहिनी, बोर्डाला काही झालेलं नाही. रिलेचे पॉइंट काळे पडलेत." रिलेचं प्लॅस्टिक काढून त्यांनी मला दाखवलं. चांदीसारखे दिसायला हवेत ते दोन ठिपके तव्याच्या बुडासारखे झाले होते. स्पीकरला जाणारा सगळा प्रवाह त्या दोन ठिपक्यांतून जातो. नॉब फिरवल्यावर आवाज का परत यायचा तेही तिथेच कळलं, जोराचा सिग्नल आला की तो काळा थर तेवढ्यापुरता भेदला जायचा. हा ॲम्प पूर्वी गावभागातल्या घरी होता आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली तेव्हा, वरच्या मजल्यावर त्या ओलीत पडून होता. पाणी लागलं नाही, पण दमट हवा लागलीच. नवीन रिले, नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर, मजुरी, सगळे मिळून ४५० रुपये. कुठे ४५० आणि कुठे ९,४००!

मग ताकद खरंच कमी पडते का, ते मोजलं. घरात सगळ्यात मोठ्याने ऐकतो तिथे नॉब ठेवला, ॲम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढल्या, पुन्हा चालू करून उणे १२ डेसिबलचा ५० हर्ट्झचा सूर लावला आणि टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरला. १.९ व्होल्ट. उणे १२ डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या पाव व्होल्टेज, तेव्हा चारने गुणून ७.६. त्याचा वर्ग भागिले ८, म्हणजे ७ वॉटच्या थोडं वर. दिवाळीला पाहुणे असतानाचा हा आवाज. पहाटे तर वॉटाचा बारीकसा अंशही लागत नाही. ४० चे ८० केले की ३ डेसिबल वाढतात, आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. हा हिशेब कुठलाही विक्रेता समोर मांडत नाही. तुम्ही मांडा, एका मल्टिमीटरवर होतो.

मोठा ॲम्प कुणाला लागतो? हॉल मोठा, स्पीकर ४ ओहमचे आणि ८३-८४ डेसिबलचे, आणि तान वर चढताना आवाज फाटत असेल तर जरूर घ्या. क्लिपिंगमध्ये, म्हणजे ॲम्प ताकदीबाहेर ताणला गेला की, ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) जळतात, तिथे काटकसर महागात पडते.

माझ्या खोलीत फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. फरशीवर जाड सतरंजी टाकली, मागच्या भिंतीवर आईची वाकळ लावली, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले. पूर्वी टाळी वाजवली की झणझण ऐकू यायची, ती गेली. तबल्याची चाट (कड) आणि शाई (मधला काळा गोल) वेगळी कळायला लागली. हे कुठल्याही ॲम्पने केलं नसतं.

आता हॉलमध्ये जुना ४० वॉटचा आहे, क्लास डी आतल्या खोलीत टीव्हीला. दोन्ही एकाच स्पीकरवर, मल्टिमीटरने आवाज सारखा करून, घरच्यांना न सांगता ऐकवले. ओळखता कुणालाच आले नाहीत, सासूबाईंनाही नाही. ४६,००० बँकेत आहेत आणि कधी खर्च केलेच तर स्पीकरवर होतील. मेकॅनिककाकांनी पॉवर सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर पुढच्या पावसाळ्याआधी बदलायला सांगितलेत, १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ डिग्रीवाले. नकली माल फार फिरतो, म्हणून ते स्वतः पुण्याहून आणणार आहेत. तेवढं झालं की या ॲम्पवर आणखी खर्च नाही.