डिप्रेशन आहे का बघायला ब्रेन मॅपिंग करावं की सरळ सायकियाट्रिस्टकडे जावं?

ब्रेन मॅपिंग म्हणजे ईईजीच. डोक्याला जेल लावून इलेक्ट्रोड बसवतात, थोडा वेळ डोळे मिटून थोडा वेळ उघडे ठेवून बसायचं, मग कॉम्प्युटर मेंदूच्या लहरी मोजून रंगीत नकाशे काढतो. रिपोर्ट दिसायला भारी असतो, पण त्यावरून डिप्रेशनचं निदान होत नाही.

सगळ्यात गाजलेला मुद्दा अल्फा लहरींचा. सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा उठणारी ही लहर, मेंदूचा जो भाग कमी कामात असतो तिथे ती जास्त दिसते असं मानतात. 1991 मध्ये हेन्रिक्स आणि डेव्हिडसन या संशोधकांना डिप्रेशन असलेल्यांच्या कपाळामागे डावीकडे अल्फा जास्त दिसली, म्हणजे तो भाग मंद, आणि सगळ्यांना वाटलं खूण सापडली. पण 2017 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा निदानासाठी तिचा फारसा उपयोग नाही असंच निघालं. त्यात डुलकी लागली, झोपेची किंवा अँग्झायटीची गोळी चालू असली तरी लहरी बदलतात.

सायकियाट्रिस्टकडे मशीन नसतं, नुसते प्रश्न, म्हणून लोकांना ते कमी वाटतं. पण पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची प्रश्नावली बघा, गेल्या 2 आठवड्यांबद्दल 9 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27 पैकी 10 किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. नववा प्रश्न जीव नकोसा वाटतो का हा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. आता आपल्याकडे माणूस मन उदास आहे म्हणतच नाही, अंग दुखतं, झोप नाही, भूक नाही एवढंच सांगतो, तिथे नुसता फॉर्म कमी पडतो आणि डॉक्टरच खोदून विचारतात, मधेच खूप उत्साहाचे दिवस येऊन गेले का, घरात कुणाला होतं का, थायरॉइड, बी-12 तपासलंय का.

ईईजी कामाचा नाही असं नाही हां. झटके येत असतील, मधेच शुद्ध हरपत असेल तर तो लागतोच. आणि कुठलं औषध कुणाला लागू पडेल हे लहरींवरून ओळखायचं संशोधन चालू आहे, सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या औषधावर 2020 मध्ये चांगलं काम झालं, मला तरी खरी आशा तिथेच वाटते.

तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी डॉक्टरांची फी आणि रक्ततपासणी, मॅपिंग त्यांनी सांगितलं तरच. आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर आत्ताच फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.