जर्मनीत सुटे कारागीर लावून घर: पहिला हिवाळा काढल्यावर

कार्ल्सरूहजवळच्या गावात आम्ही घर बांधलं. किल्ली हातात देणारी कंपनी घेतली नाही. गवंडी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे आसपासचेच, वेगवेगळे ठरवले. एक हिवाळा राहून झालाय, म्हणून लिहितोय.

कामाचा दर्जा अव्वल. सकाळी सातला ठोकाठोकी सुरू, शुक्रवारी दुपारी सामसूम. दिलेल्या तारखेला माणूस येतोच, फक्त तारीख मिळते दोन-तीन महिन्यांनंतरची. छताचे वासे बसल्यावर सुताराने वर उभं राहून शुभेच्छा म्हटल्या आणि रिवाजाप्रमाणे ग्लास फोडला. आईच्या आग्रहाखातर आम्ही नारळही फोडला.

भानगड होते ती दोन कामांच्या मध्ये. छताखालची बाष्परोधक फॉइल सुताराने नीट चिकटवली, इलेक्ट्रिशियनने वायरींसाठी तिला भोकं पाडली. ती बुजवायची कोणी? दोघांच्याही कोटेशनमध्ये ते नाही! जिप्सम बोर्ड लागण्याआधी ब्लोअर-डोअर चाचणी करून घेतली म्हणून सापडलं. दारात पंखा लावून 50 पास्कल दाबाला गळती मोजतात. वायुवीजन यंत्रणा असलेल्या घरात तासाभरात घरातल्या हवेच्या दीडपटीहून जास्त गळता कामा नये. सुटे कारागीर लावणार असाल तर हे मधले सांधे बघणारा स्वतंत्र साइट इंजिनियर पैसे देऊन ठेवाच. तिथे काटकसर नको.

कोब्याने धीर पाहिला. त्यात गरम पाण्याच्या नळ्या, त्यामुळे हीटिंग चालवून तो वाळवायचा आणि ओल 1.8 टक्क्यांवर आल्याशिवाय फरशीवाला टाइलला हात लावत नाही. तेव्हा चिडलो होतो. आज एकही टाइल पोकळ वाजत नाही.

रंगकामाला मित्र बोलावणार असाल तर आधी बे-गे बाउ या अपघात विमा संस्थेकडे त्यांची नोंद करा. फुकट मदत असली तरी ती लागते.

हमी नागरी कायद्याप्रमाणे 5 वर्षं, व्हीओबी या बांधकाम करारांच्या ठरावीक नियमावलीवर करार केलात तर साधारणपणे 4. आम्ही 5 चाच धरला. ती मोजतात रीतसर काम ताब्यात घेतल्यापासून, आणि तिथून पुढे दोष सिद्ध करणं तुमच्याकडे. सुट्या कारागिरांत प्रत्येकाची तारीख वेगळी, तेव्हा तक्ता करून ठेवा. फरशीच्या कडेची सिलिकॉनची फट मात्र हमीत सहसा धरत नाहीत. कोबा बसतो तशी ती पहिल्या वर्षात फाटतेच. आमचीही न्हाणीघरात फाटली. फरशीवाल्याने हसत सिलिकॉनची नळी हातात ठेवली.